संगणकांतील तात्पुरत्या फायली व त्यांची व्यवस्था

घरचें कार्य कितीहि टापटिपीनें आटोपलेलें असो, मांडव उतरल्यावर अंगणांत सुतळीचे तुकडे, पत्रावळी व विझलेले कोळसे राहतातच. तो केर काढावयाचा असतो यांत शंका नाहीं. परंतु त्याच केरांत एखाद्या पाहुणीच्या कानांतील फूलहि पडलेलें असूं शकतें, म्हणून घरची जाणती बाई सुपलींत केर भरण्यापूर्वीं तो हातानें चाळून पाहते. संगणकावर लेखन करणाऱ्या माणसापुढें असाच केर नेहमीं येऊन पडतो. आपल्या लेखाच्या शेजारीं आपण कधीं न ठेवलेल्या, चमत्कारिक नांवांच्या फायली दिसूं लागतात. त्या कोठून येतात, कां उरतात, त्यांतील कोणत्या पुसाव्या व कोणत्या जपाव्या, हें आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगणार आहों.

हा विषय घेण्याचें कारणहि प्रथम सांगितलें पाहिजे, आणि तें आमच्या भूषणाचें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याचे वडील पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे आले. ते सेनगांव तालुक्यांतील एका खेड्यांत राहणारे. त्यांच्या मातोश्री जात्यावर ज्या ओव्या म्हणत, त्या त्यांनीं कैक रात्री बसून संगणकावर उतरवून घेतल्या होत्या. "सर, आमची फाइल उघडंना. आन् शेजारी ह्या दोन भलत्याच फायली कुठून आल्या काय माहीत. व्हायरस तर नसंल?" असें त्यांनीं विचारलें. घंटा झालेली होती व आम्ही घाईंत होतों. फायलींचीं तीं विचित्र नांवें आम्हीं एकवार पाहिलीं, "असला कचरा पुसून टाका व पेनड्राइव्ह कोरा करून घ्या," असें त्यांस सांगितलें आणि वर्गावर निघून गेलों. त्यांनीं शिक्षकाचा शब्द प्रमाण मानून तसें केलें. त्या दोहोंपैकीं एका फाइलींत बहुतेक सगळ्या ओव्या सुखरूप असाव्यात, हें आम्हांस पुढें या विषयाचा थोडा अभ्यास केल्यावर उमजलें. त्यांच्या मातोश्री तेव्हां हयात होत्या, म्हणून त्यांस पुन्हां बसवून ओव्या लिहून घेण्यांत आल्या. परंतु जात्याची संवय सुटून पुष्कळ वर्षें लोटलीं होतीं, आणि पहिल्या खेपेस जितक्या आठवल्या तितक्या दुसऱ्या खेपेस आठवल्या नाहींत. तें नुकसान विजेनें किंवा यंत्रानें केलेलें नव्हतें. तें आमच्या अज्ञानानें व उतावळेपणानें केलेलें होतें.

आतां मूळ विषयाकडे वळूं. पूर्वीं गांवचे हिशेबनीस दोन वह्या ठेवीत, एक कच्ची व दुसरी पक्की. दिवसभराच्या नोंदी कच्च्या वहींत होत, आणि नीट ताळा जमल्यावर त्या पक्क्या वहींत उतरत. शब्दलेखन करणारा संगणकाचा कार्यक्रम, मग तो मायक्रोसॉफ्ट कंपनीचा वर्ड असो किंवा विनामूल्य मिळणारा लिब्रेऑफिस असो, अगदीं असेंच वागतो. आपण कळफलकावर अक्षरें उमटवूं लागलों कीं तीं प्रथम संगणकाच्या स्मृतींत राहतात. ही स्मृति फार चपळ खरी, पण विजेवांचून एक पळहि न टिकणारी. पक्की फाइल तबकडींत असते; आणि या दोहोंच्या मध्यें कच्च्या खर्ड्याप्रमाणें कांहीं फायली तो कार्यक्रम आपण होऊन निर्माण करितो. त्यांसच तात्पुरत्या फायली म्हणतात. काम सुरळीत संपलें म्हणजे ज्यानें त्या केल्या तोच त्या पुसून जातो. म्हणून एरव्हीं त्या आपल्या दृष्टीस पडत नाहींत.

ही रीत आजकालची नव्हे. वर्डस्टार नांवाचा एक प्रसिद्ध लेखन-कार्यक्रम १९७८ सालीं निघाला. तो प्रत्येक वेळीं लेखाची मागील प्रत ‘बॅक’ अशा शेपटाच्या निराळ्या फाइलींत राखून ठेवी. वर्ड हा कार्यक्रम १९८३ सालीं बाहेर पडला. त्या काळच्या संगणकांची स्मृति इतकी तुटपुंजी असे कीं, एखादा लांबलचक लेख एका वेळीं तींत मावत नसे. म्हणून लेखाचे कांहीं भाग तबकडीवरील तात्पुरत्या फायलींत ठेवून लागेल तसे आंत घ्यावे लागत. आज स्मृति विपुल झाली आहे, तरी ही पद्धति सुटलेली नाहीं. कारण तिचा दुसरा हेतु अधिक महत्त्वाचा आहे. तो हेतु म्हणजे लेखाची सुरक्षितता होय.

हें समजण्यासाठीं, आपण ‘सेव्ह’ची आज्ञा देतों तेव्हां आंत काय घडतें तें पाहावें. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, जुन्याच फाइलीवर नवा मजकूर गिरविला जातो. वस्तुतः तसें होत नाहीं. वर्ड प्रथम एक अगदीं नवी फाइल मांडतो व तींत सगळा लेख आरंभापासून उतरवितो. ती पुरी झाली म्हणजे जुनी फाइल बाजूस सारतो, नवीस मूळचें नांव देतो, आणि मग जुनी पुसून टाकतो. शहाणा कारकून नवी नक्कल पुरी व बिनचूक झाल्यावांचून जुना कागद फाडीत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. आतां या तीन-चार पायऱ्यांच्या मध्येंच वीज गेली, किंवा कोणी पेनड्राइव्ह उपटून काढला, तर काय होईल याचा विचार करा. नवी अर्धवट राहील, जुनी भलत्याच नांवानें पडून राहील, आणि मूळ नांवाची फाइल एक तर दिसणार नाहीं किंवा दिसली तरी उघडणार नाहीं. बिचारा लेखक समजतो कीं सर्व बुडालें; परंतु त्याचा लेख पुष्कळदां शेजारींच निराळ्या नांवानें उभा असतो.

या फायली ओळखण्याच्या खुणा आहेत. पहिला प्रकार मालकीच्या चिठ्ठीचा. ग्रंथालयांत पुस्तक नेणाऱ्याच्या नांवाची चिठ्ठी कपाटांत राहते, म्हणजे दुसऱ्यास कळतें कीं पुस्तक अमक्याकडे आहे. त्याचप्रमाणें आपण वर्डमध्यें एखादी फाइल उघडली कीं, तिच्याच शेजारीं एक लपविलेली लहान फाइल निर्माण होते व तींत उघडणाराचें नांव लिहिलेलें असतें. हिच्या आरंभीं लाटेसारखी एक खूण व डॉलरची खूण, म्हणजे ‘~$’, असते. मूळ नांव लहान असेल तर ही जोडी त्याच्या पुढें लागते, जसें ‘ओव्या’ या फाइलीची चिठ्ठी ‘~$ओव्या’. नांव लांब असेल तर आरंभींचीं दोन चिन्हें खाऊन ती त्यांच्या जागीं बसते, जसें ‘विज्ञानप्रदर्शन’ याचें ‘~$ज्ञानप्रदर्शन’. देवनागरींत ‘वि’ हें एक अक्षर दिसलें तरी संगणकाच्या लेखीं व आणि वेलांटी मिळून तीं दोन चिन्हें होतात, म्हणून हा चमत्कार. ही चिठ्ठी बहुधा अवघी १६२ बाइटांची असते. इतक्या जागेंत लेखाची एक ओळ मावणेंहि कठीण. म्हणून तींत आपला मजकूर शोधणें व्यर्थ होय.

दुसरा प्रकार खऱ्या खर्ड्यांचा. यांचीं नांवें त्याच लाटेच्या खुणेनें सुरू होतात, पुढें डब्ल्यू, आर व एल किंवा डब्ल्यू, आर व डी अशीं इंग्रजी अक्षरें, मग कांहीं आंकडे, आणि शेवटीं ‘टीएमपी’ हें शेपूट असतें. यांचें वजन आपल्या लेखाच्या वजनाशीं मिळतेंजुळतें असेल, तर यांत लेख आहे असें खुशाल समजावें. तो नवा आहे कीं मागील खेपेचा, हें मात्र उघडून पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं.

तिसरा प्रकार आपोआप होणाऱ्या राखणीचा. वर्ड मुळांत दर दहा मिनिटांनीं चालू लेखाची एक प्रत ‘एएसडी’ या शेपटाच्या फाइलींत घेत असतो. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. ही प्रत पेनड्राइव्हवर नसते. ज्या संगणकावर काम चालू होतें, त्याच संगणकांत, त्याच वापरणाराच्या खासगी कप्प्यांत ती असते. म्हणून अपघात झाल्यावर पेनड्राइव्ह घेऊन दुसऱ्या संगणकाकडे धांव घेणारा मनुष्य आपल्या राखणदाराकडेच पाठ फिरवितो. लिब्रेऑफिसची चाल थोडी निराळी आहे. त्याच्या चिठ्ठीच्या नांवांत टिंब, लाट व ‘लॉक’ हा शब्द येऊन शेवटीं ‘#’ अशी खूण असते, आणि तींत माणसाचें नांव, संगणकाचें नांव व वेळ यांची नोंद सांपडते.

या फायली मागें कां राहतात, याचीं कारणें बहुतेक आपल्या नित्याच्या अनुभवांतलींच आहेत. आपल्या हिंगोली जिल्ह्याच्या पांचहि तालुक्यांत, त्यांतून पावसाळ्याच्या वादळी संध्याकाळीं, वीज केव्हां जाईल याचा नेम नसतो. अकस्मात् मरण आलेल्या कार्यक्रमास आपला पसारा आवरावयास सवड मिळत नाहीं. दुसरें कारण पेनड्राइव्ह. वर्ड आपले खर्डे पुष्कळदां मूळ फाइलीच्या शेजारींच मांडतो. फाइल पेनड्राइव्हवरून उघडलेली असेल तर खर्डेहि त्यावरच, आणि तो उपटला कीं सगळेंच अर्धवट. तिसरें कारण, खिडकी मिटली तरी कार्यक्रम पडद्यामागें अडकून जिवंत राहणें. चवथें, शाळेंतील किंवा कचेरींतील सामायिक कप्प्यांत लिहिण्याची परवानगी असून पुसण्याची नसणें. तेथें कार्यक्रमाचे हात बांधलेले असतात. पांचवें, विषाणु शोधणारा पहारेकरी कार्यक्रम ऐन वेळीं ती फाइल तपासण्यासाठीं धरून बसणें. यांवरून दिसून येईल कीं, अशी फाइल उरणें म्हणजे विषाणूची बाधा नव्हे. अशा फायलींवरून एखाद्या मुलावर ‘यानें संगणक बिघडविला’ असा आळ घेणें हा अन्यायच होय.

आतां उपाय पाहूं. मागील पावसाळ्यांतील एक प्रसंग सांगितला म्हणजे उपायांचा क्रम आपोआप कळेल. नववींतील एका मुलीनें हळदीवर, ती शिजविण्यापासून पॉलिश करण्यापर्यंत, विज्ञानप्रदर्शनासाठीं लेख लिहिला होता. आठ दिवसांचें काम पुरें होत आलें असतां वीज गेली; परत आल्यावर फाइल उघडेना. शेजारीं दोन विचित्र फायली पाहून एका मोठ्या मुलानें मदतीच्या हेतूनें त्या पुसण्यासाठीं हात पुढें केला. त्या क्षणीं आम्हांस त्या ओव्या आठवल्या व आम्हीं त्याचा हात थांबविला.

प्रथम आम्हीं कोणासहि कांहीं पुसूं दिलें नाहीं, व त्या फाइलीवर नवें कांहीं ‘सेव्ह’हि करूं दिलें नाहीं. त्याच संगणकावर वर्ड पुन्हां उघडून, डाव्या बाजूस परत मिळालेल्या लेखांची यादी येते कीं काय हें पाहिलें. ती आली असती तर तींतील लेख उघडून, निराळें नांव देऊन, तत्काळ ठेवला असता. ती आली नाहीं, म्हणून ‘फाइल’, ‘इन्फो’ व ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या मार्गानें ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ येथें डोकावलों; तेथेंहि कांहीं नव्हतें. मग फायलींच्या खिडकींत ‘व्ह्यू’खालील ‘हिडन आयटम्स’ची खूण करून लपलेल्या फायली दिसत्या केल्या, आणि प्रत्येकीचें वजन व वेळ पाहिली. ‘~$ज्ञानप्रदर्शन’ ही १६२ बाइटांची चिठ्ठी. दुसरी मात्र मूळ लेखाइतकीच जड व वीज जाण्याच्या थोड्या आधींची. सर्व फायलींच्या नकला एका नव्या कप्प्यांत घेतल्या, आणि अस्सल फायलींस हात न लावतां केवळ नकलेचें ‘टीएमपी’ हें शेपूट काढून ‘डॉक्स’ हें शेपूट लाविलें. दोन टिचक्या देतांच लेख उघडला. शेवटचा एक परिच्छेद तेवढा नव्हता. तो तिनें तेथेंच बसून पुन्हां लिहिला. नक्कल अशी उघडली नसती तर ‘ओपन’च्या खिडकींत ‘ओपन अँड रिपेअर’ म्हणून जो पर्याय आहे, त्याचा उपयोग करावयाचा होता.

कधीं कधीं अडचण याच्या उलट असते. फाइल धडधाकट असते, पण ‘ती अमक्यानें उघडली आहे, आपणांस केवळ वाचतां येईल’ असा निरोप येतो, आणि तो अमका तर तासापूर्वींच घरीं गेलेला असतो. येथें दोष मागें राहिलेल्या चिठ्ठीचा असतो. प्रथम तो मनुष्य दुसऱ्या संगणकावर खरोखर काम करीत नाहीं ना, याची विचारपूस करावी. कारण दोघांनीं एकाच लेखावर लिहिलें तर एकाचें लेखन बुडतें. नंतर वर्डच्या सर्व खिडक्या मिटाव्या. ‘टास्क मॅनेजर’मध्यें वर्ड पडद्यामागें अडकलेला दिसल्यास तो बंद करावा, किंवा संगणक एकदां बंद करून पुन्हां चालू करावा. एवढ्यावर चिठ्ठी आपोआप न गेली, तर ती निःशंक पुसावी. तिच्या पुसण्यानें लेखाचें एक अक्षरहि कमी होत नाहीं.

केर काढण्याचा नियम यावरून सहज ठरतो. आधीं वर्ड बंद करावा; मग मूळ लेख उघडून तो शेवटच्या ओळीपर्यंत पुरा आहे याची खात्री करावी; त्याची दुसरी एक प्रत अन्यत्र ठेवावी; आणि मगच उरलेल्या चिठ्ठ्या व खर्डे पुसावे. पाखडतांना कोंडा उडवावा, दाणा उडवूं नये. पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल संगणकाच्या ‘रिसायकल बिन’मध्यें जात नाहीं, ती थेट नाहींशी होते, हें विसरूं नये. त्या पालकांच्या ओव्या परत न मिळण्याचें हेंहि एक कारण होतें. विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘स्टोरेज’खालीं ‘टेम्पररी फाइल्स’ म्हणून सफाईची सोय आहे ती चांगली आहे. पण त्या यादींत ‘डाउनलोड्स’ हा कप्पाहि असूं शकतो. त्यावर खूण ठेवून सफाई केली, तर उतरवून घेतलेलीं प्रमाणपत्रें व अर्ज केराबरोबर जातील.

येथवर या फायली तारक कशा होतात तें सांगितलें. त्या घातकहि होऊं शकतात. कच्च्या खर्ड्यांत पक्क्या लेखाचें सगळें गुपित असतें. सार्वजनिक संगणकावर कोणी उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, आधार क्रमांक किंवा बँकेचें पत्र लिहिलें, आणि पेनड्राइव्ह उपटून तो निघून गेला, तर मागें राहिलेला खर्डा पुढील माणसास वाचतां येतो. शिक्षकांनाहि हा इशारा आहे; प्रश्नपत्रिका सामायिक संगणकावर लिहून मूळ फाइल नेली, तरी तिची सांवली तेथें राहूं शकते. छापखान्यांत खिळे जुळवून मजकूर छापीत, तेव्हां काम झाल्यावर ते खिळे सोडून घरोघर परत टाकीत. उभा राहिलेला फर्मा कोणीहि वाचूं शकतो, हें जुळाऱ्यास ठाऊक असे. तशीच संवय आपणहि लावून घ्यावी: परक्या संगणकावर गुप्त लेखन शक्यतों करूं नये, केल्यास सर्व खिडक्या रीतसर मिटाव्या, लपलेल्या फायली पाहाव्या, आणि आपल्या म्हणून ओळखूं येतील तेवढ्याच पुसाव्या. दुसऱ्याचा खर्डा आढळल्यास तो वाचूं नये व पुसूंहि नये. ज्याचा त्यास कळवावें.

शेवटीं चार शब्द पूर्वकाळजीचे. पेनड्राइव्हवर थेट लिहूं नका. फाइल संगणकावर घ्या, काम करा, मग परत न्या, आणि ‘इजेक्ट’ची आज्ञा देऊनच तो काढा. दर परिच्छेदानंतर कंट्रोल व एस या दोन कळा दाबण्याची संवय बोटांस लावा. आपोआप होणारी राखण ही या संवयीच्या बदल्यांत नाहीं, तिच्या जोडीस आहे. ती राखण दहांऐवजीं दोन मिनिटांनीं व्हावी असें ‘ऑप्शन्स’मधील ‘सेव्ह’ या पानावर ठरवितां येतें. शक्य असेल तेथें वीज गेल्यावर कांहीं मिनिटें पुरेल असा यूपीएस संगणकास जोडावा. तितक्या वेळांत लेख ठेवून संगणक शांतपणें मिटतां येतो. आणि जें लेखन पुन्हां मिळण्यासारखें नाहीं, त्याची निदान एक प्रत घराबाहेर व एक कागदावर असावी.

त्या पालकांस आम्हीं पुढें भेटून आमची चूक सांगितली. ते रागावले नाहींत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "सर, पोरांना हे शिकवा, म्हंजी झालं." आतां ते दहा ओव्या झाल्या कीं कागदावर छापून ट्रंकेंत ठेवितात. त्यांच्या त्या सांगण्यास मान देऊन हा लेख आम्हीं लिहिला आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एकानें जरी पुढें केव्हां एखाद्या अनोळखी फाइलीवर बोट नेऊन क्षणभर थांबून तिचें नांव, वजन व वेळ पाहिली, तरी आमचे श्रम सफल झाले असें आम्ही समजूं.